आतली खोली घ्या, पण एकाच रात्रीची

ताई, नमस्कार. मे महिन्यात आम्ही पाचोऱ्याहून खोपोलीच्या इमॅजिका थीम पार्कला जायचं म्हणतोय. आम्ही दोघं, मुलगा १२ वर्षांचा, मुलगी ६ वर्षांची आणि सासूबाई. सासूबाईंचं वय ६८, गुडघे धरतात, बीपीची गोळी चालू आहे. माझं म्हणणं, पार्कच्या दाराशीच हॉटेल आहे तर तिथेच उतरावं. ह्यांचं म्हणणं, तेवढ्या पैशात लोणावळ्याला दोन दिवस मजेत राहू, पार्कला तिथून जाऊन येऊ. आणि सासूबाई म्हणतात, पनवेलला माझी लेक राहते, हॉटेल कशाला? 'नुसतं झोपाले इतला पैसा?' तिघांचं जमेना म्हणून तुम्हाला लिहितेय. मार्ग सांगा.
ता. क. मुलाला ते नायट्रो नावाचं मोठं रोलर कोस्टर करायचंच आहे. बसू देतील का?
– पाचोऱ्याची एक सून

ताई,

सासूबाईंपासूनच सुरुवात करते. घरात तीन मतं असली तरी मुद्द्याचं त्या एकट्याच बोलल्या आहेत. नुसतं झोपायला एवढे पैसे द्यायचे असतील तर खरंच देऊ नका. दिवसभर पार्कात पाय तुडवून आलेला माणूस रात्री कुठल्याही गादीवर पाच मिनिटांत घोरायला लागतो. ती गादी पार्कच्या दाराशी आहे की खोपोलीच्या लॉजमध्ये, याचा त्याला पत्ताही नसतो.

पण दाराशी असलेल्या खोलीचे पैसे रात्री वसूल होतच नाहीत. ते वसूल होतात दुपारी दोन ते पाचमध्ये. तुमच्याबरोबर एक आजी आहे आणि एक सहा वर्षांची पोर आहे, म्हणून मी तुमच्या बाजूने आहे. तुम्ही दोघं आणि मुलगा एवढेच जाणार असता तर सरळ बाहेर राहा म्हटलं असतं.

तिथला दिवस कसा जातो ते आधी डोळ्यांसमोर आणा. पार्क काही सकाळी लवकर उघडत नाही. साडेदहा-अकराच्या सुमाराला आत सोडायला लागतात आणि संध्याकाळपर्यंत चालतं. म्हणजे मे महिन्यात तुम्ही नेमक्या ऊन डोक्यावर यायच्या वेळेला आत शिरणार. आपल्या लोकांना वाटतं, जळगावचे ४४-४५ अंश काढलेत, आम्हाला काय होतंय! पण आपलं ऊन कोरडं. डोक्याला रुमाल बांधला, पाणी पीत राहिलं की माणूस चालत राहतो. खालापूरकडे पारा आपल्यापेक्षा खाली असतो, पण हवेत ओल असते, घाम अंगावरच राहतो. दीड-दोनपर्यंत मोठी माणसंसुद्धा चिडचिडी होतात, मग लहानांचं काय सांगायचं.

मोठ्या राइडच्या बाहेरच्या बाकांवर एक नजर टाका, म्हणजे मी काय म्हणतेय ते कळेल. प्रत्येक बाकावर एक आजी बसलेली असते. मांडीवर पिशव्या, पिशव्यांवर टोप्या, गॉगल, पायाशी दोन-तीन जणांच्या चपला आणि पदरात सगळ्यांचे मोबाइल. त्यातला एखादा वाजायला लागतो, आणि कुठला वाजतोय तेच तिला उमगत नाही. ती अख्ख्या घराचं बसतं लॉकर झालेली असते. घोटभर पाणीसुद्धा जपून पिते, कारण बाथरूमला गेली तर सामान कुणाच्या भरवशावर सोडायचं? आणि आजीच्या शेजारी, तिच्या मांडीवर झोपलेल्या नातवंडाला वारा घालत, हमखास कोण बसलेलं असतं? घरची सून. तिकीट सगळ्यांएवढंच भरलेलं, आणि दिवस बाकावर गेलेला.

आतली खोली म्हणजे पार्कच्या हॉटेलातली, बाकी सगळ्या बाहेरच्या; त्यांचा हिशोब करताना हे कुणी धरत नाही. भाड्यातला फरक दिसतो. पण बाहेर राहिलात तर दुपारनंतर एक मोठं माणूस राइड्स सोडून बसून राहणार, ते तिकीट वाया जाणार, हे कागदावर येत नाही. खोली दाराशी असली की दोन वाजता सासूबाई आणि मुलगी तिकडे जातील. एसीत पाय पसरतील, घरून आणलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खातील (पार्कात बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत, खोलीत बसून खाल्लं तर सहसा कुणी हटकत नाही), गोळी वेळेवर घेतील आणि झोपतील. पाच वाजता उन्हं कलल्यावर ताज्यातवान्या होऊन परत. तोवर तुम्ही तिघांनी मोठ्या राइड्स उरकून घ्या. मुलीला झोप लागेपर्यंत तुमच्यापैकी एकाला थांबावं लागेल. यंदा तिथे मिस्टरांना थांबवा, असं मी सुचवेन.

मात्र हे सगळं दोन गोष्टींवर अवलंबून आहे, आणि पैसे भरायच्या आधी या दोन्ही विचारून घ्या. पहिली, एकदा पार्कातून बाहेर पडलं की त्याच दिवशी त्याच तिकिटावर परत आत घेतात का? हातावर शिक्का, मनगटाला पट्टी, जी काही पद्धत त्या दिवशी असेल ती नीट समजून घ्या. उत्तर 'नाही' आलं तर आतली खोली घेण्यात निम्मा अर्थ उरत नाही. दुसरी, खोली किती वाजता ताब्यात मिळते? हॉटेलांची चेक-इनची वेळ साधारण दोन-तीनची असते. सुट्टीच्या दिवसांत तीनची वेळ साडेतीन-चारवर जाते, कारण आधीची माणसं निघून सफाई व्हायची असते. सकाळीच सामान रिसेप्शनला देऊन टोकन घ्या आणि तेव्हाच सांगून ठेवा की बरोबर वयस्कर बाई आहेत, दोनला खोली लागेल. काउंटरवर शांतपणे सांगितलेल्या गोष्टीचा उपयोग होतो, दोन वाजता जाऊन आवाज चढवण्याचा होत नाही. ते हॉटेल मोठं आहे, २८७ खोल्यांचं. सलग सुट्ट्यांत चेक-इनची रांग बघून माणसाला वाटतं, पार्कची रांग बरी होती.

आता तुमच्या मिस्टरांचं लोणावळा. बेत वाईट नाही, पण तो वेगळ्या सहलीचा बेत आहे. नकाशात लोणावळा आणि इमॅजिका जवळ दिसतात. पण पार्क घाटाच्या पायथ्याशी, खोपोली-पाली रस्त्यावर, आणि लोणावळा घाटावर. मध्ये अख्खा बोरघाट. सकाळी उतरायचं आणि रात्री दमलेल्या पोरांना, म्हाताऱ्या आईला घेऊन परत चढायचं. शनिवार-रविवार किंवा जोडून सुट्टी आली की त्या घाटात गाड्यांच्या रांगा लागतात, बातम्यांत तुम्हीही बघता. म्हणजे लोणावळ्याची थंड हवा तुमच्या वाट्याला येणार फक्त झोपेत. त्यांना लोणावळा करायचंच असेल तर श्रावणात दोघं जा, सासूबाई मुलांना सांभाळतील. हा सल्ला त्यांना आवडेल असं वाटतं.

नणंदेचं घर मात्र सोडू नका. पनवेलवरून गेलात आणि घरी पाय लावला नाही, तर पुढच्या आखाजीला माहेरी आल्यावर ती काय म्हणेल ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. पण मी नात्यासाठी म्हणत नाहीये, तुमच्या सोयीसाठी म्हणतेय. पाचोऱ्याहून रात्रीच्या गाडीने निघालात की पहाटे-सकाळी कल्याण. तिथून गाडी करून सरळ पार्कच्या हॉटेलवर गेलात तर सकाळी सात-आठला लॉबीत पोहोचाल आणि खोली दुपारी मिळेल. आंघोळ कुठे, चहा कुठे, सासूबाईंचा देवाचा जप कुठे? रात्रभर गाडीत अर्धवट झोपून त्याच दिवशी पार्क करणं मुलांना जमेल, ६८ वर्षांच्या बाईला जमणार नाही. मोठ्या हौसेने बांधलेल्या दशम्या हॉटेलच्या सोफ्यावर बसून, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरा चुकवत खाणारी आपल्याकडची कुटुंबं मी पाहिली आहेत. त्यांचा अर्धा उत्साह पार्क उघडायच्या आतच संपलेला असतो.

म्हणून असं करा. पहिला दिवस आणि पहिली रात्र नणंदेकडे. सासूबाईंना लेक भेटेल, मुलं आत्येभावंडांत रमतील, तुमची झोप पूर्ण होईल. दुसऱ्या दिवशी सकाळी खाऊनपिऊन निघा. पनवेलहून पार्क चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, साडेनऊच्या सुमाराला सामान हॉटेलात आणि दार उघडताना तुम्ही दाराशी. ती रात्र हॉटेलात. तिसऱ्या दिवशी सकाळचा नाश्ता तिथेच, तोही भाड्यात धरलेला असेल याची आधीच खात्री करून. मग खोली सोडा आणि सासूबाईंना दर्शनाला न्या. पार्क ज्या रस्त्यावर आहे त्याच रस्त्याने पुढे पालीचा बल्लाळेश्वर आहे, आणि खोपोलीजवळ महडचा वरदविनायक. अष्टविनायकांतले दोन गणपती एका दिवसात होतात. हे त्यांना आधी सांगा, खोलीचं भाडं नंतर. संध्याकाळी कल्याणला येऊन रात्रीची गाडी धरा.

पार्क झाल्यावर रात्री परत नणंदेकडे का नाही, असं सासूबाई विचारतील. कारण दुपारी दोनला त्यांना चाळीस किलोमीटर लांब कोण नेऊन सोडणार? आणि पार्क सुटल्यावर दमून तुम्ही रात्री पोहोचणार, नणंद ताटं वाढून जागी. मग तिचा मान राखायला जेवायचं, गप्पा मारायच्या, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांचेच डोळे लाल.

पैशांचं बोलू. पाच माणसं एका खोलीत घेत नाहीत. चौघांपर्यंत जास्तीची गादी टाकून जमवतात, तेही मुलांच्या वयावर. म्हणजे तुम्हाला दोन खोल्या धराव्या लागतील. एकमेकींत दार असलेल्या खोल्या मिळतात का विचारा, म्हणजे मुलगी आजीजवळ झोपेल आणि तुम्हाला रात्री दहा वेळा बाहेरून जा-ये करावी लागणार नाही. वेबसाइटवर मोठ्या अक्षरांत दिसतो तो दर बहुतेक वेळा कराशिवायचा असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून खोलीचं रोजचं भाडं साडेसात हजारांपर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के, त्याच्या वर गेलं की १८ टक्के. म्हणजे समजा एका दिवशी खोली ७४०० ला आहे तर कर ३७० रुपये, आणि दुसऱ्या दिवशी ७६०० ला आहे तर कर १३६८. दोनशेच्या फरकाने हजार रुपये जास्त जातात. तारीख एखाद-दुसऱ्या दिवसाने मागेपुढे करून बघा. सोमवार ते गुरुवार दर उतरलेले असतात आणि पार्कातही गर्दी कमी, म्हणून तुम्ही शुक्रवार-शनिवारऐवजी मंगळवार-बुधवार धरा. मिस्टरांच्या रजेचा प्रश्न येईल, पण शनिवारी प्रत्येक राइडला रांगेत उभं राहण्यापेक्षा एक रजा परवडली.

पार्कची तिकिटं आणि खोली एकत्र असं पॅकेजही मिळतं. घेण्याआधी दोन्हींचे वेगवेगळे दर मांडून बेरीज करा. पॅकेजमध्ये पाचव्या माणसाचं काय, सासूबाईंना ज्येष्ठ नागरिकांचं तिकीट धरलंय का, हे बघा. मुलांचं तिकीट तिथे उंचीवर ठरतं, वयावर नाही. तुमचा मुलगा उंच असेल तर त्याचं पूर्ण तिकीट लागेल. पॅकेजमध्ये 'मूल' म्हणून त्याला धरलं आणि दारात पट्टीने मापलं, की तिथे फरक भरावा लागतो. जे जे फोनवर कबूल करतील ते ई-मेलवर मागून घ्या.

दोन खोल्या बजेटात बसतच नसतील तर हट्ट करू नका. खोपोली-खालापूरच्या बाजूला साधी हॉटेलं आहेत, चार खाटांची मोठी खोली मिळाली की अख्खं घर एका दारामागे. पण मग एक खर्च आधीच धरा. गाडी दिवसभरासाठी ठरवायची, ड्रायव्हरचं वेटिंग देऊन. फक्त सोडायला ठरवली तर संध्याकाळी पार्क सुटताना सगळेच एकदम बाहेर पडतात आणि मुख्य रस्त्यावर रिक्षा शोधत उभं राहावं लागतं. गाडी हाताशी असली की दुपारी सासूबाईंना खोलीवर सोडताही येतं. वेटिंगसकट गाडी आणि बाहेरची खोली यांची बेरीज करा, आणि ती आतल्या भाड्याच्या शेजारी मांडा. फरक वाटतो त्यापेक्षा बराच कमी निघतो. कधीकधी तरीही मोठाच राहतो. तेव्हा बाहेर राहा, आणि सासूबाईंना दुपारी दोनलाच खोलीवर सोडा, चारला त्यांचे गुडघे बोलायला लागायच्या आधी.

तुमचा मुलगा यूट्यूबवर परदेशातल्या पार्कचे व्हिडिओ बघत असेल, तर त्याच्याकडून एक गोष्ट कानावर येईल: आतल्या हॉटेलात राहिलं की लवकर सोडतात. ते अमेरिकेतलं खरं आहे. फ्लोरिडात डिस्नेच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना बाकीच्यांच्या अर्धा तास आधी पार्कात घेतात, आणि युनिव्हर्सलच्या ठरावीक महागड्या हॉटेलांत रांग टाळायचा पास भाड्यातच येतो. तिथे लोक आतलं हॉटेल त्या अर्ध्या तासासाठी घेतात. इथे हे गृहीत धरू नका. इमॅजिकात रांग टाळायची असेल तर एक्स्प्रेस तिकीट वेगळे पैसे देऊन घ्यायचं असतं. तुम्ही मंगळवार-बुधवार गेलात तर त्याची गरज पडू नये.

वॉटर पार्कचं तुम्ही लिहिलं नाही, पण तिथे पोहोचल्यावर मुलं मागे लागतीलच. त्याचं तिकीट वेगळं आणि त्याला जवळजवळ पूर्ण दिवस जातो, एका दिवसात दोन्ही करू नका. पाण्यात नायलॉनचे पोहण्याचे कपडेच चालतात, साडी-सुती ड्रेसवर उतरू देत नाहीत. ज्यांना दोन दिवस दोन्ही करायचंय त्यांना आतली खोली जास्त फायद्याची, ओल्या कपड्यांचं गाठोडं घेऊन घाटात फिरावं लागत नाही. नुसता वॉटर पार्कच हवा असेल तर खान्देशातून एवढं लांब जायचं कारणच नाही. संगमनेरच्या ज्या मालपाणी समूहाने २०२२ साली इमॅजिका घेतलं, त्यांचाच वॉटर पार्क शिर्डीत आहे. तिथे आत राहायचं की बाहेर हा प्रश्नच पडत नाही. संस्थानच्या भक्तनिवासात उतरायचं, दर्शन करायचं, दुसऱ्या दिवशी पाण्यात.

गाडीचं आधी बघा, खोलीचं नंतर. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, आणि मे महिन्यात रात्रीच्या गाड्यांना पहिल्या दिवशीच वेटिंग लागतं. सासूबाईंना खालचा बर्थ मिळणं महत्त्वाचं, म्हणून फॉर्ममध्ये त्यांचं वय आणि लोअर बर्थची पसंती न चुकता भरा. खोली मात्र बदलता येण्याजोग्या दराने घ्या, पैसे परत न मिळणाऱ्या स्वस्त दराने नको. गाडीचं तिकीट पक्कं झालं नाही तर दोन्हीकडून अडकाल. स्वतःच्या गाडीने जाणार असाल तर धुळ्यावरून नाशिकमार्गे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे (भिवंडीजवळ) हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून कसारा घाटातली रखडपट्टी टाळता येते. तरी मधला मुक्काम नणंदेकडेच ठेवा.

आणि तुमच्या मुलाचं नायट्रो. सगळ्या मोठ्या राइड्सना कमीत कमी उंचीची अट असते आणि ती वयाला विचारत नाही. राइडच्या तोंडाशी पट्टी लावलेली असते, तिथला माणूस मुलाला बूट काढून उभं करतो आणि एक बोटभर कमी पडलं तरी बाजूला घेतो. रडून-विनवून उपयोग नाही, सुरक्षेचा पट्टा नीट बसायला तेवढी उंची लागतेच. घरी दाराच्या चौकटीला पाठ टेकवून, अनवाणी उभा करून डोक्यावर वही आडवी धरा आणि पेन्सिलीने खूण करा. पार्कच्या वेबसाइटवर प्रत्येक राइडची अट दिलेली असते, तिच्याशी ताडून बघा. कमी पडत असेल तर पाचोऱ्यातच सांगून टाका, आणि त्याच्या उंचीत बसतील अशा तीन-चार राइड्स त्याला स्वतःलाच वेबसाइटवरून निवडू द्या.